शिंडलडेकरच्या अठरा फळ्या

४ मार्च, शुक्रवार

आज पहाटे तो आवाज पुन्हा ऐकला. पत्र्याच्या टबात बाटल्यांची बुचं ओतल्याचा. आधी एक-दोन टणटण, मग गारांसारखी सगळी एकदम, आणि शेवटी तळाशी गोल गोल फिरत राहिलेलं एखादं हट्टी बूच. साल १९४७, मी दहा वर्षांचा. हेमलॉक पॉइंट पार्कच्या फाटकावर जुलैतल्या दुसऱ्या मंगळवारी ‘बुचांचा दिवस’ असायचा. शिंडलडेकरच्या बर्च बिअरची सहा बुचं टबात टाका आणि मेरी-गो-राउंडवर एक फेरी फुकट घ्या. नाव बिअर, पण पेय पोरांचं. भूर्जाच्या सालीचा वास आणि नाकात चढणारा फेस. मी वर्षभर बुचं साठवायचो. खिशात वाजायची, आणि शाळेत मिस प्रूडन म्हणायच्या, “एल्डन हॉस्टेटर, तू येतोस की दुधाची गाडी येते?”

उठून पाहिलं तर छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून डब्यात पडत होतं. चला, हिवाळा उतरला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की हात थरथरतो तर रोज थोडं लिहा, सावकाश, रेघेवर. म्हणून ही वही. जन्मभर कोठारांच्या भिंतींवर पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवली आणि आता एकोणऐंशीव्या वर्षी पाव इंची अक्षरं वळवताना कपाळावर घाम येतो.

दुपारी ग्रेटाचा फोन. ग्रेटा विनगार्ट म्हणजे पार्कची मालकीण. तिच्या आजोबांच्या वेळेपासून तिथल्या पाट्या मी रंगवतो, म्हणून अजून मला काका म्हणते.

“एल्डनकाका, पार्कातल्या ज्या ज्या पाटीवर, फळीवर, भिंतीवर पेयाचं नाव आहे त्यांची यादी हवी आहे. मापासकट. तुमच्याइतकं पार्क कुणाला पाठ आहे?”

“कशाला हवी?”

“यंदा बरंच बदलायचंय, काका.”

मी काय ते ओळखलं. जुन्या वस्तू जपणारं कुणीतरी आलेलं असणार. साठ वर्षांनी का होईना, कुणाची तरी नजर वर गेली.

११ मार्च, शुक्रवार

यादी रंगात आली आहे. आतापर्यंत सदतीस जागा. लाह्यांची टपरी, होड्यांचं घर, बाकांच्या पाठी, नेमबाजीच्या दुकानाची मागची भिंत (तिथे वेल चढलाय, तरी खाली अक्षरं शाबूत).

आणि मेरी-गो-राउंड. त्याच्या माथ्यावर गोलाकार अठरा फळ्या. १९५१ साली छप्पर गळून घोडे कुजायला लागले तेव्हा दुरुस्तीचा भार शिंडलडेकरने उचलला, आणि बदल्यात प्रत्येक फळीवर नाव मागितलं. त्या फळ्या माझ्या बापाने रंगवल्या. प्रत्येकीवर एक देखावा: तळं, कोळशाची खाण, पोस्टातल्या बाई, गोठलेल्या पाण्यावर घसरणारी पोरं. खाली नाव, सोन्याच्या वर्खात. इंग्रजीत तेरा अक्षरं. बाप म्हणायचा, “स्मिथ नावाच्या माणसाने कारखाना काढला असता तर आपण जेवायच्या वेळी घरी पोचलो असतो.”

मी शिडी लावून इंचाच्या आठव्या भागापर्यंत मापं घेतली. अठरावी फळी किंचित तोकडी आहे, तेही टिपलं. त्या दिवशी बाप पडशाने बेजार होता.

१८ मार्च, शुक्रवार

अग्निशामक दलाच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी सगळं गाव तिथेच जेवतं. वाढायला दोन रांगा. डावीकडच्या रांगेला मिलो पोटोचनिक, म्हणून मी नेहमीप्रमाणे उजवीकडची धरली. आज उजवीकडची बाई मध्येच उठून गेली आणि मिलोच पुढ्यात आला. बोललो नाही. अठरा वर्षं बोललेलो नाही, आज काय म्हणून? त्याने माझ्या ताटात मासा टाकला. तुकडा चांगला थोरला होता. घाईत असेल.

हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कुणी वही वाचली तर दोष माझ्यावर यायचा. आम्ही एकतीस वर्षं भागीदार होतो. गॅरेजच्या भिंतीवर पाटी होती: ‘हॉस्टेटर आणि पोटोचनिक. पाट्या रंगवून मिळतील.’ १९९८ साली तो एक यंत्र घेऊन आला. बटण दाबलं की चिकट कागदातून अक्षरं कापून देणारं. म्हणाला, “एल्डन, जग इकडे चाललंय. आपणही जाऊ.” मी पार्कातल्या सहलीत चारचौघांत त्याला ‘चिकटपट्टीवाला’ म्हणालो. लोक हसले. तो हसला नाही. घरी येऊन मी पाटीवरच्या ‘आणि पोटोचनिक’वर क्रीम रंगाचे दोन हात मारले.

यंदाच्या थंडीने तो रंग पोपडे धरून सुटतोय. त्याच्या नावाचा ‘पी’ डोकं वर काढू लागलाय. एप्रिलमध्ये तिसरा हात मारला पाहिजे.

२ एप्रिल, शनिवार

यादी दिली. छप्पन्न जागा, एकेचाळीस पानं. ग्रेटाच्या कचेरीत एक तरुण बाई बसल्या होत्या, जोसेलिन ट्रॅव्हिक. अंगात निळं जाकीट, त्यावर छोटं गोल चिन्ह, ऑर्बो कोलाचं. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, “मिस्टर हॉस्टेटर, इतकी अचूक मापं आम्हाला आजवर एकाही पार्कात मिळाली नाहीत. आमचं तीन आठवड्यांचं काम वाचवलंत.”

म्हातारपणी स्तुती अंगावर लोकरीसारखी वाटते. मी प्रत्येक फळीखाली दोन ओळी देखाव्याबद्दल लिहिल्या होत्या, त्याही त्यांनी वाचल्या असाव्यात. एवढी मोठी पेयाची कंपनी जुन्या कलेला हातभार लावते हे पाहून बरं वाटलं. ग्रेटाचं डोकं मात्र दुखत असावं. सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

१५ एप्रिल, शुक्रवार

आज पार्कात गेलो तर बाकांच्या पाठी निळ्या.

आधी वाटलं, ओल्या रंगाचं झाकण असेल. जवळ गेलो. स्टिकर. लाह्यांच्या टपरीवर स्टिकर. होड्यांच्या घरावर स्टिकर. सगळ्यांवर ऑर्बोचं ते निळं वेटोळं. कुठे एक केसभर फट नाही, कुठे सुरकुती नाही. इतकं चपखल कुणी बसवलं म्हणून कौतुकाने पाहत होतो, आणि मग लक्षात आलं की मापं माझी आहेत.

कचेरीत गेलो. जोसेलिनबाईही तिथेच होत्या. ग्रेटा उठून उभी राहिली.

“काका, बसा.”

“बसायला आलो नाही. यादी कशासाठी होती?”

“करार आहे. पार्कात दुसऱ्या कुठल्याही पेयाचं नाव दिसता कामा नये.”

“शिंडलडेकर १९७४ साली बंद पडलं, ग्रेटा! मेलेल्याशी कसली चढाओढ?”

“करारात मेलेलं आणि जिवंत असं काही नाही. ‘कुठल्याही’ असं आहे.”

“आणि मेरी-गो-राउंड?”

उत्तर जोसेलिनबाईंनी दिलं. यंदापासून त्याचं नाव ‘ऑर्बो चक्री’. अठराही फळ्यांवर निळे स्टिकर. पाच वर्षांचा करार. पाच वर्षांनी हवं तर सोलून काढता येतील.

“सोलून?” मी म्हणालो. “ते केळं आहे का?”

“एल्डनकाका,” ग्रेटा म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या आजोबांसारखा झाला, “तुम्हाला त्या अठरा फळ्या दिसतात. मला फाटकाचं कुलूप दिसतं. रोलर कोस्टरचे ब्रेक बदलल्याशिवाय तपासनीस सही देणार नाही. गेल्या वर्षी मेपर्यंत मला माहीत नव्हतं की फाटक उघडायचं की नाही. ऑर्बो आलं म्हणून यंदा उघडतंय. मला हौस आहे असं वाटतं का तुम्हाला?”

मी तिला बुचांच्या दिवसाचं सांगितलं. टब, गारा, फुकटची फेरी. जोसेलिनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “म्हणजे तुमचं लहानपणही एका पेयाच्या कंपनीनेच पुरस्कृत केलं होतं. सहा बुचांसाठी सहा बाटल्या प्यायल्या असतील ना?”

मी टोपी उचलली. आणि इथे खरं लिहायला हरकत नाही: मला ती बर्च बिअर कधी आवडलीही नाही. दात घासल्यासारखं वाटायचं.

निघताना त्याच म्हणाल्या, “फळ्यांचे स्टिकर अजून आलेले नाहीत. कापणाऱ्याचं यंत्र बंद पडलंय म्हणे. शिवाय तो म्हणतो, सोन्यावर लावायच्या आधी हॉस्टेटरना विचारा.”

कापणारा म्हणजे मिलो. काम अंगावर आलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायची त्याची सवय जुनीच.

१६ एप्रिल, शनिवार

जेवण गेलं नाही. बापाच्या फळ्यांची मापं मी स्वतःच्या हाताने दिली. आठव्या भागापर्यंत.

रडून काय होणार. वर्ख म्हणजे श्वासाने उडेल इतकं पातळ सोनं. पासष्ट वर्षांत त्याच्यावरच्या रोगणाला भेगा पडल्या आहेत. त्याच्यावर स्टिकर लावला तर सोलताना सोनं स्टिकरबरोबर जाणार. ‘पाच वर्षं’ म्हणजे कायमचं. हे त्यांना कळत नाही, कारण त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तर मग पाहू देत.

२२ एप्रिल, शुक्रवार

जे केलं ते लिहितो.

बुधवारी जोसेलिनबाईंकडे स्टिकरचा एक तुकडा मागितला. काल तो पाकिटातून आला, थेट मिलोच्या दुकानातून. मागच्या कागदावर त्याच्या अक्षरात खरडलेलं: ‘रात्रभर चिकटू दे, मगच सोल. लगेच सोललास तर निम्मंच निघेल.’ मला शिकवतोय!

स्वयंपाकघरात टेबलाच्या वर, भिंतीवर बापाची नमुन्याची फळी टांगलेली होती. १९५१ साली शिंडलडेकरला पसंतीसाठी दाखवायला केलेली, दोन फूट लांब, वर तळं आणि खाली तेरा सोनेरी अक्षरं. माझी बायको फर्न जिवंत होती तोवर दर शनिवारी ती फळी जुन्या मऊ बनियनने पुसायची. मी ती खाली काढली, टेबलावर ठेवली आणि तुकडा नीट दाबून चिकटवला. चिकटवताना हात अजिबात थरथरला नाही. त्याचंच नवल वाटलं.

आज ती फळी घेऊन कचेरीत गेलो, जोसेलिनबाईही होत्या. ग्रेटाने ओळखली. लहानपणी आमच्याकडे जेवायला यायची तेव्हा तिच्याखालीच बसायची.

“काका, नको,” ती म्हणाली.

मी कोपरा नखाने उचलला आणि ओढला. तो आवाज विसरणार नाही. जुनं कापड फाटावं तसा. स्टिकर हातात आला. फळीवर उरल्या तपकिरी जखमा, आणि स्टिकरच्या पाठीवर शिंडलडेकर, उलट्या अक्षरांत, लखलखीत.

जोसेलिनबाईंनी तो स्टिकर दोन बोटांत धरून उजेडात नेला.

“हे तुमच्या वडिलांनी केलं होतं?”

“केलं होतं. आता तुमच्या हातात आहे.”

त्या बराच वेळ बाहेर फोनवर बोलत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चालण्यात काहीतरी ठरल्यासारखं होतं. म्हणाल्या, “मी कराराची ती ओळ चारदा वाचली. नाव ‘दिसता कामा नये’. झाकायचं कशाने ते कुठेही लिहिलेलं नाही.”

“पातळ प्लायवूडच्या अठरा फळ्या,” मी म्हणालो. “मागून लोकरीचं अस्तर. वरच्या चौकटीला आकडे लावून पुढे टांगायच्या. जुन्या फळीला खिळा नाही, डिंक नाही. पाच वर्षांनी आकड्यावरून उचलल्या की झालं.”

“आणि त्यांच्यावर आमचं चिन्ह कोण काढणार? स्टिकर प्लायवूडवरही...”

“या चक्रीवर आजवर हाताशिवाय काही लागलेलं नाही. मी काढीन.”

ग्रेटाने माझ्या हाताकडे पाहिलं. तिने पाहिलेलं मी पाहिलं. मी हात खिशात घातला.

“चिन्ह तंतोतंत लागतं,” जोसेलिनबाई म्हणाल्या. “आमची माणसं गुरुवारी, सव्वीस मेला पाहणीला येतील. शनिवारी फाटक उघडतं. तोवर अठराच्या अठरा झाल्या नाहीत तर मला स्टिकर लावावे लागतील. तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

“मापाच्या बाबतीत माझ्याबद्दल तुमचं मत चांगलं आहे असं ऐकलंय.”

पहिल्यांदा हसल्या.

ज्या चिन्हाचा मला तिटकारा, ते आता अठरा वेळा सुरेख काढायचं. मिस प्रूडन याला काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. बहुतेक, “सरळ बस आणि सुरू कर.”

३० एप्रिल, शनिवार

आठ दिवसांत दोन फळ्या. पहिली पाच वेळा घासून कोरी केली. वेटोळं म्हणजे एका श्वासात ओढायची गोल रेघ, आणि माझा हात चतकोरावर येऊन डगमगतो.

कागदावर आकृती काढून सुईने भोकं पाडली. फळीवर तो कागद धरून कोळशाची पुरचुंडी थोपटली की ठिपक्यांची वाट उमटते. त्या वाटेने ब्रश न्यायचा. हात टेकायची काठी खाली, खारीच्या केसांचा ब्रश वर. एवढं सगळं अजून अंगात आहे. फक्त रेघ थरथरते.

७ मे, शनिवार

उपाय सापडला. जुनाच. रेघ ओढताना श्वास सोडायचा असतो, आणि श्वासाला माप हवं म्हणून मी पूर्वी कविता म्हणायचो. मिस प्रूडननी आठवीत पाठ करून घेतलेली, दीपस्तंभाच्या राखणदाराची:

तेल सरो वा वात विझो, मी उभा पहाऱ्याला...

पहिल्या ओळीला डावं अर्धवर्तुळ, दुसऱ्या ओळीला उजवं. डावी बाजू झकास येते. पण दुसरी ओळ आठवत नाही! जिभेच्या टोकावर येते आणि मागे फिरते. पहिलीच ओळ दोनदा म्हणून भागवतो, पण उजवीकडे चाल अडते आणि तिथेच रेघ हलते.

ती मिलोला पाठ होती. कवितांचा त्याला मनस्वी कंटाळा. म्हणायचा, “तुझ्या त्या राखणदाराला कुणीतरी एकदाचं झोपायला सांगा.” पण मोठी पाटी असली की परांचीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून माझ्याबरोबर म्हणायचा. मी डावीकडून, तो उजवीकडून. मध्ये भेटायचो.

ब्रश ओला होताच, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर तिसरा हात मारायला क्रीम रंगाचा डबा उघडला. ‘पी’बरोबर आता ‘ओ’ही दिसतोय. मग म्हटलं, आधी फळ्या. डबा बंद केला.

१० मे, मंगळवार

निळा रंग जुळत नव्हता. ऑर्बोचा निळा म्हणजे ना आकाशाचा, ना तळ्याचा, कारखान्यातला. तीन दिवस मिसळून पाहिलं. आज सकाळी पायरीवर एक डबा. झाकण उघडलं तर तोच निळा, अगदी तोच. कुणाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. झाकणावर चिकटपट्टीची फुली मारलेली, वाटेत सांडू नये म्हणून. जोसेलिनबाई खरंच विचारी आहेत. आभाराचा फोन केला तर म्हणाल्या, “कसला डबा?” थोरामोठ्यांच्या कंपन्यांत हा विनय दुर्मीळ.

१५ मे, रविवार

नऊ.

ग्रेटा कोबी आणि शेवयांचं भांडं ठेवून गेली. फळ्या रांगेत वाळताना पाहून तिचे डोळे भरले. म्हणाली, “काका, तुम्ही आमच्यावर रागावलेले असाल असं वाटलं होतं.”

“आहेच,” मी म्हणालो. “मीठ कमी आहे का यात?”

२१ मे, शनिवार

चौदा. दिवसाला जेमतेम एक होते. दुपारनंतर चमचाही धरवत नाही, सूप भांड्यालाच तोंड लावून पितो. फर्नने पाहिलं असतं तर ओरडली असती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती घ्या. मी विचारलं, गुरुवारनंतर चालेल का?

एक गोष्ट मात्र मनात येते. हे वेटोळं काही वाईट नाही. कुणीतरी कुठेतरी बसून ते पहिल्यांदा काढलं असेल, खोडलं असेल, पुन्हा काढलं असेल. परवा एक पोरगं पार्कात त्या निळ्या बाकाला टेकून कोला पीत, टिनाचा डबा दातांवर वाजवत बसलं होतं. सत्तर वर्षांनी त्याला तो आवाज पहाटे ऐकू येईल. येऊ दे बिचाऱ्याला. पण त्याने मान वर केली तर तिथे हाताने ओढलेली रेघ असली पाहिजे, आणि तिच्या मागे, लोकरीखाली, माझा बाप.

२४ मे, मंगळवार

सोळा. सोळावीत उजवी बाजू सतराव्या प्रयत्नात आली.

मिलोच्या दुकानावरून गाडीने गेलो. त्याचं यंत्र खिडकीतून दिसतं. धडधडत चालू होतं, कुणाच्या तरी ट्रकसाठी नावं कापत. म्हणजे दुरुस्त झालंय. फळ्यांचे स्टिकर आता कधीही तयार होतील. हे ध्यानात ठेवून काम केलं पाहिजे.

२५ मे, बुधवार

दोन राहिल्या. उद्या सकाळी दहाला पाहणी.

सकाळी सहाला बसलो. आठपर्यंत सतराव्या फळीचं डावं अर्धं वेटोळं झालं. मग ब्रश हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. हात गरम पाण्यात बुडवला, फडक्याने मनगट काठीला बांधून पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं. डाव्या हाताने तर पहिलीतल्या पोरासारखं आलं. घासलं. दुपारी पुन्हा बसलो. कविता मोठ्याने म्हटली, पहिली ओळ, पुन्हा पहिली ओळ, पुन्हा. आवाज चढला होता की काय कोण जाणे, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

ग्रेटाला फोन करून सांगावं असं एकदा मनात आलं. फोनपर्यंत गेलोही. पण सोळा फळ्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या, एकीतही डाग नाही, आणि मी फोन न उचलता परत येऊन बसलो. दोन फळ्या, पाहणीला अठरा तास बाकी. हात चालेल तेव्हा चालेल. नाही चालला तर ब्रश दातांत धरेन.

चारच्या सुमारास पायरीवर पावलं वाजली. वाटलं, जोसेलिनबाई असतील, स्टिकरची गुंडाळी घेऊन. मी मागे वळलो नाही. म्हणालो, “अजून उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, बाई.”

जाळीच्या दारापलीकडे कुणीतरी दम खात होतं, जाड माणसाचा दम. मग आवाज आला.

“भिंतीवरचा रंग उडालाय तुझ्या. माझं अर्धं नाव रस्त्यावरून दिसतं. तिसरा हात मारायला विसरलास की काय?”

मी वळलो. मिलो. केस पार पिकलेले. काखेत त्याची ब्रशांची पेटी, तीच, पितळी कोपऱ्यांची, १९६७ साली मी दिलेली. तिच्यातून तेलाचा वास येत होता. म्हणजे अठरा वर्षं त्याने ब्रश तेलात निजवून ठेवले होते, कोरडे पडू दिले नव्हते.

“रंग संपला होता,” मी म्हणालो.

“किती राहिल्या?”

“दोन. एकीचं डावं झालंय. उजवं येत नाही.”

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग फळीकडे. मग नाक ओढलं आणि कंटाळलेल्या आवाजात, शाळेतल्या मुलाने बाकावर उभं राहून म्हणावं तसं म्हणाला:

“कुणी न येवो, तरि उघडे हे कवाड वाऱ्याला.”

आणि जाळी खडखडवली. “म्हणायला मोठा राखणदार. आतून कडी लावलीय तू, एल्डन. उघड.”